कमरेचा फोटो

दारात कुणी आलं की आमच्या वन्सं आधी त्याच्या काखेतला लिफाफा बघायच्या, तोंड नंतर. एमआरआयचा तो मोठा लिफाफा दिसला की त्यांचा चेहरा खुलायचा. आलेला माणूस बिचारा रडकुंडीला आलेला असायचा, आणि ह्या चष्मा पुसत म्हणायच्या, "आणा इकडे, बघू काय लिहिलंय." मी कितीदा म्हटलं, वन्सं, निदान बसा तरी म्हणा आधी. तर म्हणायच्या, बसायला तू सांग, मी वाचते.

वन्सं म्हणजे माझ्या नवऱ्याची थोरली बहीण. लग्न केलं नाही, आणि का केलं नाही हे विचारायची कुणाची टाप नव्हती. आमचं शिवणाचं दुकान आहे. पुढे दुकान, मागे दोन खोल्या, त्यात आम्ही नवराबायको. समोरच्या बिल्डिंगमध्ये पहिल्या मजल्यावर वन्संची खोली. पण खोली म्हणजे नुसती झोपायला. कामावरून सुटल्या की सरळ दुकानात यायच्या. काउंटरच्या टोकाला त्यांचं उंच स्टूल होतं, त्याच्यावर दुसरं कुणी बसलेलं त्यांना खपायचं नाही. चहा तिथेच, गप्पा तिथेच, आणि जेवण आमच्याकडे. मी लग्न होऊन आले तेव्हा ही सासू बरी की ही नणंद, असा मला प्रश्न पडला होता. सासू लवकर गेली, वन्सं राहिल्या.

त्यांचं काम मोठं अजब. एका तपासणी केंद्रात, जिथे एमआरआय काढतात तिथे, मागच्या बिनखिडकीच्या खोलीत त्या टाइप करायच्या. डॉक्टर फोटो बघत बघत यंत्रात बोलून ठेवायचे आणि ते वन्सं कानाला हेडफोन लावून ऐकायच्या. पायाखाली एक पेडल असायचं. दाबलं की डॉक्टर बोलायला लागायचे, पाय उचलला की गप्प. जन्मभर त्या पेडलवर पाय ठेवून बसल्यामुळे त्यांना सवयच लागली होती. घरी मी जरा जास्त बोलायला लागले की त्यांचा उजवा पाय आपोआप उचलला जायचा. हे हसून म्हणायचे, "बघ, ताईनं तुला बंद केलं."

सगळ्या गल्लीला माहीत होतं की मास्तरांच्या दुकानात एक ताई बसतात आणि त्यांना रिपोर्ट वाचता येतो. मास्तर म्हणजे आमचे हे. कोट शिवावा तर मास्तरांनी, असं लोक म्हणायचे, आणि मी काही बायको म्हणून सांगत नाही, ते खरंच होतं. कापडावर खडूची एक रेघ मारली की परत पुसायची वेळ आली नाही कधी. ह्यांची कात्री आणि वन्संचा चष्मा, ह्या दोन गोष्टींना आमच्या दुकानात हात लावायचा नाही.

तर एकदा एक बस चालवणारा माणूस आला. पँट लांब करायला आला होता, पण काखेत लिफाफा. वन्संनी तो काढून घेतलाच. तो माणूस म्हणाला, "ताई, माझ्या पाठीचा कॅनॉलच बंद झालाय म्हणे. आता मी उभा राहू शकेन का नाही?" त्याला घाम फुटला होता.

वन्संनी रिपोर्ट वाचला आणि त्याला समजावून सांगायला लागल्या. पाठीचे मणके एकावर एक रचलेले असतात. प्रत्येकाला मागे भोक असतं. भोकावर भोक येऊन लांबलचक बोगदा तयार होतो, त्याला स्पायनल कॅनॉल म्हणतात. मानेपासून त्यातून मज्जारज्जू खाली जातो. कमरेपर्यंत आला की त्याचे नुसते धागे होतात. आणि दर दोन मणक्यांच्या मध्ये डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशी बारीक खिडकी असते, तिला फोरामेन म्हणतात. त्या खिडकीतून एकेक नस बाहेर पडते, हाताकडे, पायाकडे. स्टेनोसिस लिहिलं असलं की समजायचं, जागा अरुंद झाली.

माणूस वेड्यासारखा बघत राहिला. त्याच्या डोक्यावरून गेलं सगळं.

हे काज करत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "नेफा आणि काज."

"काय?" वन्सं म्हणाल्या.

"पायजम्याचा नेफा असतो ना ताई. त्यातनं नाडी जाते. तो तुझा कॅनॉल. नेफा आवळला की नाडी अडकते. आणि बाजूला काज असतात, त्यातनं दोरा बाहेर येतो. काज बारीक झालं तर तेवढा एकच दोरा घासतो, नाडीला काही होत नाही."

वन्संनी त्यांच्याकडे असं बघितलं की जणू धाकटा भाऊ आजच बोलायला लागला. मग त्यांनी टोपलीतून एक जुना पायजमा उचलला, नेफ्यात बोट घालून त्या माणसाला दाखवला, आणि म्हणाल्या, "तुमचा नेफा जरासा आवळलाय. माइल्ड लिहिलंय, म्हणजे थोडा. तुमच्या वयाला सगळ्यांचाच आवळतो. आणि हे माप फोटोचं आहे, दुखण्याचं नाही. फोटो खराब आणि माणूस टुणटुणीत, असे मी रोज टाइप करते. जा, डॉक्टर सांगतील तो व्यायाम करा." त्या माणसाच्या जिवात जीव आला. पँट टाकायची विसरून तो तसाच निघाला होता, मी हाक मारून परत बोलावला.

त्या दिवसापासून तो पायजम्याचा तुकडा काउंटरखालीच राहिला. माइल्ड म्हणजे थोडं, मॉडरेट म्हणजे मध्यम, सिव्हिअर म्हणजे फार. नेफा म्हणजे मधला बोगदा, काज म्हणजे बाजूची खिडकी. गल्लीतल्या अर्ध्या लोकांना हे पाठ झालं होतं. सिव्हिअर दिसलं की वन्सं एक घाव दोन तुकडे करायच्या, "उद्या डॉक्टरकडे जा, परवा नाही." बाकीच्यांना धीर द्यायच्या. मी त्यांचं वाईट सांगायला बसलेले नाही. किती लोक त्या स्टुलापासून हसत परत गेले ते मी डोळ्यांनी पाहिलंय. भीतीनं अंथरूण धरलेली माणसं त्यांनी उठवली.

मग ह्यांचं सुरू झालं.

आधी पायातली चप्पल सुटायला लागली. सुटायची ती सुटायची, ह्यांना कळायचंच नाही. एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, असे दुकानात यायचे आणि मी ओरडले की खाली बघायचे. मी म्हणायचे, लक्ष कुठं असतं तुमचं. मग बेसिनवर तोंड धुताना डोळे मिटले की तोल जायचा, भिंतीला हात टेकायला लागायचे. पाय जड वाटतात म्हणाले. चालताना जमीन मऊ लागते म्हणाले, गादीवर चालल्यासारखी.

आणि हात. काज-बटणाचं काम ह्यांनी हळूहळू माझ्याकडे सरकवलं. सुईत दोरा ओवायला मला हाक मारायचे. कात्री हातातून निसटली की म्हणायचे, मेली बोथट झालीये. बोथट झाल्यानं कात्री हातातून पडते हे मी तरी पहिल्यांदाच ऐकलं. बोटांची टोकं बधिर लागतात, हातमोजे घालून शिवल्यासारखं वाटतं, असंही एकदा बोलून गेले आणि लगेच विषय बदलला. कापणाऱ्या माणसानं आपले हात गेले असं तोंडानं कसं म्हणायचं? मला ते आत्ता कळतं.

कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेले तेव्हा ह्यांनी फक्त पायाचं सांगितलं. पाय जड, कंबर धरते, तोल जातो. डॉक्टरांनी कमरेचा एमआरआय सांगितला आणि नसांच्या मोठ्या डॉक्टरांकडे जायला चिठ्ठी दिली. फोटो काढला वन्संच्याच केंद्रात. रिपोर्ट टाइप केला वन्संनीच. भावाचं नाव कानात ऐकून त्यांनी पेडलवरचा पाय क्षणभर उचलला होता, असं त्या नंतर सांगत होत्या.

संध्याकाळी रिपोर्ट घेऊन त्या आल्या त्या हसतच. त्यांचं तोंड बघून मी चहाचं आधण ठेवलं. स्टुलावर बसल्या, काउंटरखालून तो पायजम्याचा तुकडा काढला आणि ह्यांच्यासमोर धरला.

"धाकट्या, तुझा नेफा खालच्या दोन मणक्यांत मध्यम आवळलाय. डाव्या बाजूचं एक काज थोडं बारीक आहे. बस्स. ह्याच्याहून वाईट असलेले लोक डोंगर चढतात."

हे खुदकन हसले. "माझंच उदाहरण मलाच ऐकवतेस?"

"मग काय. तुझ्यामुळेच तर मी एवढी हुशार झाले."

मी चहा आणला आणि म्हटलं, "वन्सं, आणि ह्यांच्या हाताचं काय? हल्ली बटण लागत नाही ह्यांना."

वन्संनी माझ्याकडे बघितलं. उजवा पाय उचलला गेला. "अगं, हाताचा कमरेशी काय संबंध? नसा वेगळ्या. चष्म्याचा नंबर तपासून घे त्याचा, कधीचा आहे तो."

आता गंमत बघा. बरोबरच बोलल्या होत्या. हाताचा कमरेशी काही संबंध नाही. त्यांच्या बोलण्यात एक अक्षर चुकीचं नव्हतं. रिपोर्ट वाचला तो बरोबर, समजावला तो बरोबर, कमरेचं जेवढं होतं तेवढंच सांगितलं. फक्त कमरेशी संबंध नाही तर मग कशाशी आहे, हे विचारायला त्या थांबल्या नाहीत. आणि मी पडले शिवणकाम करणारी बाई. मला वाटलं, रोज पाठी वाचणारी बाई सांगतेय, तर असेल चष्म्याचंच.

ह्यांनी त्याच संध्याकाळी फोन करून मोठ्या डॉक्टरांची वेळ रद्द केली. "बहिणीनं बघितलाय रिपोर्ट, तिचं तेच काम आहे," असं फोनवर अभिमानानं सांगितलं. वन्संनी मान डोलावली आणि बिस्कीट चहात बुडवलं.

नवा चष्मा आला. त्यानं काही फरक पडला नाही, पण हे म्हणाले, जरा सवय होऊ दे. सवय होईपर्यंत ऋतू बदलला. हे व्यायाम करायचे, गरम पाण्याची पिशवी घ्यायचे, आणि पाय दिवसेंदिवस जास्त ताठरत चालले. भिंत धरून चालायला लागले. वन्सं रोज स्टुलावर बसून विचारायच्या, "कंबर कशी आहे?" हे म्हणायचे, "कंबर बरी आहे." कंबर खरोखरच बरी होती.

एका गिऱ्हाइकानं कोटाचं कापड आणून दिलं होतं, चांगलं जाड लोकरीचं. ह्यांनी ते मेजावर पसरलं, खडू घेतला आणि रेघ मारली. रेघ वाकडी गेली. पुसली, परत मारली, परत वाकडी. मी मागच्या दारातून बघत होते. तिसऱ्यांदा ह्यांनी एका हातानं दुसऱ्या हाताचं मनगट धरलं आणि रेघ मारली, आणि मग कात्री न उचलताच खुर्चीवर बसून राहिले. कापड तसंच पडलं होतं. मी आत जाऊन गॅस बारीक केला आणि उगाच भांडी घासत बसले. दुसऱ्या दिवशी दुकानाच्या पायरीवरून हे पडले.

दवाखान्यात एक तरुण डॉक्टरीणबाई होत्या. वन्संनी लिफाफा पुढे केला आणि म्हणाल्या, "कमरेचा कॅनॉल मॉडरेट आहे, डावीकडे फोरामेन माइल्ड." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "ठेवा तिथं, नंतर बघते." आणि ह्यांच्याकडे वळल्या. शर्टाचं एक बटण काढून परत लावायला सांगितलं. ह्यांना लावता येईना. मूठ भराभर उघडा, मिटा म्हणाल्या. हातांना घाईच करता येईना. गुडघ्याखाली हातोडीनं हलकंसं मारलं तर पाय असा उडाला की हे स्वतःच दचकले. मग एका रेषेत पावलापुढे पाऊल टाकून चालायला सांगितलं, आणि दुसऱ्याच पावलाला त्यांना धरायला लागलं.

"मानेचा फोटो कुठं आहे?" त्यांनी विचारलं.

वन्संनी परत तोच लिफाफा पुढे केला.

"पाय जड आहेत आणि हात पण चालत नाहीत, म्हणजे जिथून दोन्हीकडे नसा जातात तिथे अडलंय. ते मानेत. कमरेच्या फोटोत मान दिसत नाही." साध्या आवाजात सांगितलं त्यांनी, रागावल्या वगैरे नाहीत. वन्संनी काउंटरला हात टेकल्यासारखा बाजूच्या पलंगाला हात टेकला.

मानेचा फोटो निघाला. कॅनॉल अरुंद, सिव्हिअर. मज्जारज्जू दोन ठिकाणी दबलेला, आणि दबल्या जागी त्याचा रंग बदललेला. नेफ्यातल्या नाडीलाच इजा झाली होती. ह्या वेळी रिपोर्ट टाइप करणारं दुसरंच कुणी होतं. वन्संनी तो उभ्यानं वाचला आणि मग सगळं वाचून झालं तरी कागद खाली ठेवीनात. ह्यांनी विचारलं, "काय म्हणतो नेफा, ताई?"

ऑपरेशन लगेच ठरलं. डॉक्टरीणबाईंनी आम्हाला बाहेर बसवून नीट सांगितलं की ऑपरेशन करायचं ते आणखी बिघडू नये म्हणून. जे गेलंय त्यातलं थोडं परत येईल, किती ते सांगता येत नाही. वन्संनी विचारलं, "आधी आलो असतो तर?"

"आधी आला असतात तर जास्त परत आलं असतं," त्या म्हणाल्या. मग कुणीतरी बोलावलं म्हणून त्या गेल्या.

मी वन्संना तिथे, त्या बाकड्यावर, बोलायचं ते बोलले. "तुम्ही कागद वाचलात, वन्सं. तुमचा भाऊ समोर बसला होता." मी ते परत घेणार नाही. खरं होतं ते, आणि माझा नवरा आत होता. पण त्या बाईनं जन्मात कधी माझं बोलणं उलट उत्तराशिवाय जाऊ दिलं नव्हतं. आमटीत मीठ कमी म्हटलं तरी वाद घालायच्या. मला वाटलं, आता ह्या उसळतील, मला गप्प करतील, आणि मला रडता तरी येईल. त्या नुसत्या "हो" म्हणाल्या. ते "हो" मला अजून छळतं.

मग त्या आपणहून बोलायला लागल्या. "अगं, प्रत्येक रिपोर्टाच्या खाली एक ओळ असते. रोग्याच्या तक्रारींशी आणि तपासणीशी ताडून पाहावं. प्रत्येक रिपोर्टाला असतेच. रोज इतक्यांदा टाइप करायची म्हणून मी ती मशीनमध्ये भरून ठेवली होती. दोन अक्षरं दाबली की अख्खी ओळ उमटायची. डॉक्टर ती बोलायचे सुद्धा नाहीत, मीच घालायचे. जन्मभर घातली. धाकट्याच्या रिपोर्टालाही मीच घातली." आणि मग पदर तोंडाला लावून त्या रडायला लागल्या. मी त्यांच्या पाठीवर हात ठेवला नाही. ठेवायला हवा होता, पण नाही ठेवला.

ऑपरेशन चांगलं झालं. पाय सावरले, काठीनं चालतात. हात तेवढे आले नाहीत. चमचा धरतात, पेला धरतात, दार उघडतात. कात्री नाही. लोकरीचं ते कापड आम्ही न कापताच परत दिलं. दुकान मी चालवते, बाह्या लहान करणं, चेन बसवणं, असली कामं. कोट कुणी आणला तर दुसरीकडे पाठवते. हे खुर्चीवर बसतात आणि माझी शिवण बघून म्हणतात, "ओढतेय ती बाही." मी म्हणते, ओढू दे. पण उसवून परत शिवते.

वन्सं निवृत्त झाल्या. रोज सकाळी येतात आणि भावाच्या शर्टाची बटणं लावून देतात. मी ह्यांना म्हटलं होतं, डोक्यातून घालायचे बिनबटणाचे कपडे घाला, त्रास कमी. तर म्हणाले, "शिंप्यानं बनियनमध्ये बसायचं?" त्यामुळे बटणं. वन्सं वरून खाली एकेक लावत येतात आणि हे छताकडे बघत बसतात. मी मुद्दाम आत काम काढते.

रिपोर्ट मात्र वन्संनी सोडला. कानाला खडा लावला म्हणा. कुणी लिफाफा आणला की, "मला त्यातलं काही कळत नाही," एवढं बोलून तोंड फिरवायच्या. लोकांना वाटायचं, बाईला गर्व झाला. पायजम्याचा तो तुकडा त्यांनी स्वतः कचऱ्यात टाकला. मला वाईट वाटलं. ज्यांचा फक्त नेफा जरासा आवळलाय अशी माणसं आता घाबरून अंथरुणात पडून राहत असतील, त्यांना कोण उठवणार?

परवा शेजारचा लाँड्रीवाला आला. उभ्यानं इस्त्री करून करून त्याच्या पायांना मुंग्या येतात. काखेत लिफाफा. वन्सं स्टुलावर होत्या. त्यांनी लिफाफा बघितला आणि मान वळवली.

"ताई, एवढं बघा ना," तो म्हणाला. "सिव्हिअर तर नाही ना लिहिलेलं?"

"मला कळत नाही त्यातलं."

तो बापडा तसाच उभा राहिला. मग आमचे हे म्हणाले, "अरे, इकडे ये." आणि मला म्हणाले, हँगरवरचा तो शर्ट दे त्याला. मला कळेना. लाँड्रीवाल्यालाही कळेना. "घाल," हे म्हणाले. "आणि बटणं लाव. खालून वर."

त्यानं शर्ट अंगावर चढवला आणि बटणं लावली. एका दमात, बोलता बोलता, खाली न बघता. आम्ही तिघंही त्याच्या बोटांकडे बघत होतो. गळ्याचं शेवटचं लावून तो म्हणाला, "झालं. मग?"

"चप्पल सुटते का रे पायातली? न कळता?"

"नाही बुवा."

हे वन्संकडे वळले. "ताई, आता वाच."

वन्सं स्टुलावरून उतरल्या. लिफाफा घेतला, चष्मा पुसला. किती दिवसांनी त्यांच्या हातात कागद बघत होते मी. त्यांनी तो वाचला आणि हळू आवाजात सांगितलं की कमरेच्या एका ठिकाणी बाजूची खिडकी बारीक झालीये, मधला बोगदा ठीक आहे. नेफा म्हणाल्या नाहीत. "पण हा कागद झाला. तू डॉक्टरकडे जा आणि फोटो नको दाखवूस नुसता, स्वतःला दाखव. काय काय होतंय ते सगळं सांग. लाज वाटेल तेही सांग." लाँड्रीवाल्यानं भराभर शर्ट काढला, गळ्याची दोन बटणं सोडून बाकीची तशीच लावलेली, डोक्यातून ओढून काउंटरवर टाकला आणि आभार मानत गेला.

शर्ट परत हँगरला लावायला हवा होता. हे म्हणाले, "मी सोडतो बटणं." आणि शर्ट मांडीवर ओढून घेतला.

मी पुढे झाले तर त्यांनी मानेनंच नको म्हटलं. पहिलं बटण दोन बोटांत धरलं, ते निसटलं. परत धरलं. बोटं कापडावरून नुसती फिरत होती, जागा सापडत नव्हती. ज्या हातांनी गल्लीतल्या सगळ्यांची काजं केली, त्यांना एक बटण काजातून बाहेर काढता येत नव्हतं. वन्संचा हात पुढे आला आणि तिथेच थांबला. बटणं लावून देताना रोज त्या बटणांकडे बघतात. आज त्या ह्यांच्या बोटांकडे बघत होत्या, अगदी वाकून, अक्षर अन् अक्षर वाचावं तसं.

"असंच व्हायचं का रे तेव्हा?" त्यांनी विचारलं.

"असंच," हे म्हणाले. "एवढं नाही. पण असंच."

"मी इथंच बसलेली असायचे."

"हो," हे म्हणाले, आणि परत बटणाला हात घातला.